जाडी नंतर बघा, आधी पॉकेट मोजा

अमळनेर तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयाला कॅरम बोर्ड घ्यायचा आहे. वर्गणी जमली आहे, पण एकमत होत नाही. तरुण मंडळी म्हणतात, घ्यायचाच तर २० एमएम जाड प्लायचा, रुंद फ्रेमचा बुलडॉग घ्या, एकदाचं काम होऊन जाईल. शाळेतले सर म्हणतात, स्पर्धेचा ८ एमएमचा भरपूर झाला. म्हाताऱ्यांना पॉइंट खेळायचे, पोरांना काळी-पांढरी. त्यात एकाचा पुतण्या अमेरिकेहून जाळीच्या पॉकेटांचा, काठीने खेळायचा बोर्ड घेऊन आला आहे, म्हणून आता खरा कॅरम कोणता यावरही ओट्यावर बैठका भरतात. हे सगळे प्रश्न एकदमच माझ्याकडे आले आहेत, तेव्हा उत्तरही लांबणार. भुसावळ-जळगाव पट्ट्यात मी खेळलो, पंचगिरी केली आणि लोकांचे वाकलेले बोर्ड सरळ करून दिले, त्या अनुभवावरून सांगतो.

आधी थोडक्यात. ८ किंवा १२ एमएमचा, आतलं मैदान पुरतं ७४ सेंटीमीटरचं आणि पॉकेट मापात असलेला बोर्ड घ्या. २० एमएमसाठी जे जास्तीचे पैसे काढून ठेवलेत, त्यातून स्टँड, दिवा, चांगल्या सोंगट्यांचे दोन संच आणि दोन स्ट्रायकर येतील. बुलडॉगला माझा विरोध नाही, पण तो कशासाठी घेताय ते माहीत असू द्या.

दुकानात गेलं की गिऱ्हाईक पहिलं काय करतं? बोर्डावर बोटाने टकटक करून बघतं आणि विचारतं, "किती एमएम?" पॉकेट कोणी मोजत नाही. आणि खेळ ठरतो तो पॉकेटवर. आंतरराष्ट्रीय कॅरम महासंघाच्या नियमांत पॉकेटचा व्यास ४.४५ सेंटीमीटर आहे, फरक चालतो तो दीड मिलीमीटरचा. सोंगटी ३.०२ ते ३.१८ सेंटीमीटर. स्ट्रायकर जास्तीत जास्त ४.१३. आता हिशेब करा. मोठ्यात मोठी सोंगटी पॉकेटच्या मधोमध धरली तर दोन्ही बाजूंना सहा-सहा मिलीमीटर जागा उरते. स्ट्रायकरला दीड-दीड मिलीमीटर. म्हणजे पॉकेट असं आखलं आहे की सोंगटी नीट मारली तर जाते आणि स्ट्रायकर अगदी नेमका गेला तरच जातो.

घरगुती बोर्डाची पॉकेटं बऱ्याचदा पाच सेंटीमीटरच्या आसपास निघतात. सुतार करवतीने कापतो, मग पॉलिश पेपरने घासतो, भोक वाढतं, आणि पोरं खूश होतात म्हणून दुकानदारही काही बोलत नाही. पाच सेंटीमीटरला सोंगटीची मोकळी जागा जवळपास दीडपट होते. मुलगा वर्षभर त्यावर खेळतो, एका डावात सहा-सहा सोंगट्या उचलतो, आणि तालुक्याच्या स्पर्धेला बसला की प्रत्येक सोंगटी पॉकेटच्या ओठावर येऊन थांबते. घरी म्हणतो, तिथला बोर्ड खराब होता. बोर्ड चांगला असतो, हाताला सैल मापाची सवय लागलेली असते. उलट, मोठ्या पॉकेटात स्ट्रायकरही सहज जातो, त्यामुळे त्याच मुलाला फाऊलची भीती बसते आणि तो कोपऱ्यातली सोंगटी सरळ मारायचीच सोडून देतो. अशी दोन्हीकडून सवय बिघडते.

पॉकेटची आणखी एक गोष्ट आहे. सोंगटीचा मध्य कडेच्या पलीकडे गेला की ती कलते आणि पडते. हळू आलेल्या सोंगटीला कलायला वेळ मिळतो. जोरात आलेली मागच्या फ्रेमवर आपटून बाहेर फेकली जाते. म्हणजे हलका हात ठेवला की तेच पॉकेट तुमच्यासाठी मोठं होतं. मापातल्या बोर्डावर हे आठवड्यात कळतं, मोठ्या पॉकेटच्या बोर्डावर जन्मभर कळत नाही, कारण तिथे दणका मारला तरी सोंगटी जातेच.

आता जाडी. नियमात प्लाय ८ एमएमपेक्षा कमी नको, एवढंच आहे. ८ च्या वर १२, १६, २० जे काही आहे ते बाजाराचं. जाड प्लायचा खरा फायदा म्हणजे तो लवत नाही. जाडी दीडपट केली की कडकपणा तिपटीहून जास्त वाढतो, म्हणून ८ वरून १२ वर गेलात तर फरक जाणवतो. चांगल्या ८ एमएमच्या बोर्डाला खालून आडव्या-उभ्या पट्ट्या ठोकलेल्या असतात, त्या हेच काम करतात. पट्ट्या नीट बसवलेल्या असल्या तर १२ च्या वर जाऊन खेळात फार काही मिळत नाही. मिळतो तो आवाज. २० एमएमच्या बोर्डावर सोंगटी आपटली की जो भारदस्त ठण्ण आवाज येतो, त्याच्या प्रेमात लोक पडतात. मीही ऐकत बसतो, खोटं कशाला बोलू. पण त्या आवाजाने सोंगटी पॉकेटात जात नाही. आणि २० एमएमच्या नुसत्या प्लायचंच वजन ८ एमएमच्या अडीचपट, वर चार इंची फ्रेम. वाचनालयात झाडू मारायला रोज उचलायचा म्हटलं की दोन माणसं लागणार. मग कोणी उचलत नाही, खाली कचरा साठतो, एक दिवस कोणीतरी एकटा उचलायला जातो आणि कोपरा आपटतो.

बोर्डाचा वेग जाडीवर नसतो, हेही सांगून टाकतो. वेग येतो पृष्ठभागाच्या सपाटीतून आणि घोटलेल्या फिनिशमधून. नियमातली कसोटी अशी: १५ ग्रॅमचा स्ट्रायकर जोरात मारला तर त्याने समोरासमोरच्या फ्रेमांमध्ये किमान साडेतीन फेऱ्या केल्या पाहिजेत. दुकानात ही कसोटी करून बघा. दुकानदार पावडर टाकून देईल, टाकू द्या, पण एकाच दिशेला नको, चारही बाजूंनी मारून बघा. एका बाजूला साडेतीन आणि दुसरीकडे अडीच आल्या तर तो बोर्ड परत ठेवा, मग तो कितीही एमएमचा असो.

बुलडॉग म्हणतात तो मुख्यतः फ्रेमवरून. रुंद, जड, बसक्या फ्रेमचा बोर्ड. स्पर्धेच्या बोर्डाची फ्रेम रुंदीला ६.३५ ते ७.६० सेंटीमीटर, म्हणजे अडीच ते तीन इंच, आणि मैदानापासून उंची १.९० ते २.५४ सेंटीमीटर. बुलडॉगमध्ये हीच रुंदी बऱ्याचदा चार इंचांवर जाते. फायदा हा की जड फ्रेमवर आपटून येणारी सोंगटी जास्त जिवंत परतते, रिबाऊंड आणि डबलचे शॉट खुलतात. तोटा हा की मनगट मैदानापासून इंच-दीड इंच लांब जातं. उंच माणसाला फरक पडत नाही. दहा-बारा वर्षांच्या पोराला पडतो, त्याचा कोपर हवेत राहतो आणि तो खांद्यातून मारायला लागतो.

मापाची एक फसगत इथेच होते. दुकानात "३६ इंची" म्हणतात ते बाहेरून बाहेरचं माप. ७४ सेंटीमीटरचं मैदान आणि दोन्हीकडे तीन-तीन इंची फ्रेम धरली की बेरीज साधारण ३५ इंच होते. म्हणजे ३५-३६ इंची बोर्डात तीन इंची फ्रेम असेल तर मैदान बरोबर. पण त्याच ३६ इंचात चार इंची फ्रेम बसवली की मैदान २८ इंचांवर येतं, एक इंचाने लहान. आणि ३२ इंची बोर्ड तीन इंची फ्रेमचा असेल तर आत २६ इंचच उरतात. लहान मैदानावर सोंगट्या जवळ असतात, सगळं सोपं वाटतं. म्हणून टेप घेऊन जा आणि आतून मोजा, दोन्ही बाजू आणि दोन्ही कर्ण. कर्णांमध्ये फरक आला तर फ्रेम तिरकी बसली आहे, रिबाऊंड कधीच सरळ येणार नाही. शंका वाटली तर समोरच्या फ्रेमवर स्ट्रायकर काटकोनात मारा, तो त्याच रेघेवर परत आला पाहिजे. फ्रेमच्या लाकडात शिसम चांगलं, बाभूळही टणक असते आणि स्वस्त पडते. मऊ लाकडाची फ्रेम वर्षभरात दबते. नख दाबून बघा, खूण उठली तर ती फ्रेम सोडून द्या.

आता आपल्या खान्देशाचा प्रश्न, जो पुण्या-मुंबईकडचे सल्ले देणारे सांगत नाहीत. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, हवा कोरडी ठणठणीत. लाकूड आकसतं, फ्रेमचे सांधे उघडतात. इथवर ठीक, पावसाळ्यात ते परत मिटतात. खरं नुकसान करतो तो कूलर. सुट्टीत पोरं दुपारभर खेळणार, म्हणून बोर्ड नेमका कूलरच्या झोतात मांडतात. कूलर म्हणजे ओली हवा. बोर्डाच्या वरच्या बाजूला फिनिश असतो, ती बाजू ओल लवकर घेत नाही. खालची बाजू बऱ्याच बोर्डांची कोरी असते, ती ओल पिते आणि फुगते. खालची बाजू फुगली की बोर्ड मधून खोलगट होतो. मग सगळ्या सोंगट्या मध्यभागी घरंगळतात आणि लोक म्हणतात, प्लाय हलक्या दर्जाचा निघाला. मी दुरुस्तीला घेतलेल्या बोर्डांत हे कारण सर्रास सापडतं. उपाय स्वस्त आहे: बोर्ड घेतला की खालच्या बाजूला सीलरचा एक हात मारून घ्या, आणि बोर्ड कूलरच्या समोर मांडू नका, शेजारच्या भिंतीला घ्या. वाचनालय धाब्याच्या, म्हणजे मातीच्या छताच्या जुन्या घरात असेल तर नशीबवान आहात, आतलं हवामान फार बदलत नाही. फक्त वरून माती झिरपते, म्हणून खेळ संपला की चादर टाका.

बोर्ड तिरका टेकवून ठेवायचा नाही. एक तर सपाट, नाही तर अगदी उभा. पाण्याचं फडकं कधीही फिरवायचं नाही. पावडर म्हणजे बोरिक पावडर, तिचे कण पापुद्र्यांसारखे एकमेकांवर घसरतात म्हणून बोर्ड पळतो. अंगाला लावायची सुगंधी पावडर पावसाळ्यात चिकटते, आणि पिठी किंवा मैदा टाकणाऱ्यांना मुंग्यांशी खेळायचं असावं. चिमूटभर टाका, कापडाने पसरा. बोरिक पोटात जाता कामा नये, म्हणून पोरांना खेळ झाल्यावर हात धुवायला लावा, विशेषतः शेव-मुरमुरे बोर्डाशेजारीच चालू असतील तर.

बोर्डाचं झालं. आता खेळाचं, कारण खरा वाद तिथे आहे.

पॉइंट आणि काळी-पांढरी हे एकाच बोर्डावरचे दोन वेगळे खेळ आहेत. पॉइंटमध्ये काळीला १०, पांढरीला २० आणि राणीला ५० असा हिशेब बहुतेक घरांत असतो, कुठे १, २ आणि ५ धरतात. प्रमाण तेच. बोर्डावर एकूण ३२० पॉइंट. सगळ्या सोंगट्या सगळ्यांच्या. म्हणजे समोरच्याला अडवण्याचा फारसा प्रश्नच नाही, जी जवळ ती मारायची. चौघे बसले तरी ज्याचा-त्याचा हिशेब वेगळा. आजोबा, नातू, सून, शेजारी, कोणीही बसू शकतं, कोणी फार मागे पडत नाही, आणि गप्पा चालू राहतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पत्ते कुटणाऱ्या घरांत बायका-पोरांचा हाच पॉइंटचा डाव दुसऱ्या खोलीत रंगतो. त्याला हलका समजू नका.

गंमत अशी की पॉइंटमध्ये लोक राणीसाठी जीव टाकतात, आणि हिशेबाने राणीची किंमत तीन पांढऱ्यांपेक्षाही कमी आहे. ३२० मधले ५०, सहाव्या हिश्शालाही थोडे कमी. राणीच्या नादात दोन अवघड शॉट घालवण्यापेक्षा शांतपणे पांढऱ्या उचलणारी आजी बहुतेक वेळा जिंकते. पोरांनो, एकदा बघा लक्ष देऊन.

काळी-पांढरीत मात्र राणी खरोखर राणी आहे. तिथे नऊ पांढऱ्या एकाच्या, नऊ काळ्या दुसऱ्याच्या, ब्रेक करणाऱ्याला, म्हणजे पहिला फटका मारणाऱ्याला, पांढऱ्या. आपल्या सगळ्या आधी संपवल्या की समोरच्याच्या जितक्या उरल्या तितके गुण, आणि राणी घेऊन कव्हर केली (म्हणजे लगेच आपली एक सोंगटीही घेतली) असेल तर आणखी ३. म्हणजे एका बोर्डात (एका डावालाही बोर्डच म्हणतात) जास्तीत जास्त १२, त्यातला चौथा हिस्सा राणीचा. गेम २५ गुणांचा किंवा ८ बोर्डांचा, तीनपैकी दोन गेम जिंकायचे. २२ गुणांवर पोचलात की राणीचे ३ मिळत नाहीत. जुन्या माणसांच्या तोंडी अजून "एकोणतीसचा गेम" असतो, तो खोटा नाही. पूर्वी गेम २९ चा होता आणि राणीला ५ होते. दोन्हींत एक मजेदार साम्य आहे. आताचे दोन पूर्ण बोर्ड म्हणजे २४, जुने दोन पूर्ण बोर्ड म्हणजे २८. दोन्ही वेळा एक गुण कमी पडतो. सलग दोन बोर्ड समोरच्याची एकही सोंगटी जाऊ न देता मारलेत तरी तिसरा खेळावाच लागतो.

आणि या खेळात बचाव आहे. आपली सोंगटी पॉकेटच्या तोंडाशी मुद्दाम सोडून ठेवायची, म्हणजे ती आपल्याला केव्हाही मिळते आणि तोवर समोरच्याची वाट बंद. समोरच्याची अवघड सोंगटी सुटू नये म्हणून आपला शॉट हलका ठेवायचा. कधी कधी सोपी सोंगटी मारायचीच नाही, कारण ती गेली की मागची त्याला खुली होते. पॉइंट खेळून तयार झालेल्या माणसाला हे पटतच नाही, समोर दिसतेय ती सोडायची कशाला? पहिले काही दिवस वाचनालयात "हाई मनी सोंगटी शे, तू काब्र मारी?" (ही माझी सोंगटी आहे, तू का मारलीस?) अशी भांडणं होतील. होऊ द्या. चुकून त्याची सोंगटी आपल्या हातून गेली की ती त्याच्याच खात्यात जमा होते आणि आपली पाळी जाते, हे दोनदा अंगावर आलं की माणूस मारण्याआधी बघायला शिकतो.

आमच्याकडचे गावठी नियम आणि अधिकृत नियम यांत जिथे हमखास खटके उडतात, ते सांगून ठेवतो. नुसता स्ट्रायकर गेला तर एक सोंगटी दंड आणि पाळी गेली, हे सगळ्यांना माहीत असतं. पण स्ट्रायकरबरोबर आपली सोंगटीही गेली तर? गावात म्हणतात, पाळी गेली. नियमात ती सोंगटी परत येते, दंडाची एक आणखी येते, पण पाळी चालू राहते. राणी पहिल्याच शॉटला घ्यायची का? नाही, आधी आपली किमान एक सोंगटी गेलेली हवी. अंगठ्याने मारायचं का? बऱ्याच गावांत मनाई असते, नियमात मुभा आहे. स्ट्रायकर आपल्या बाजूच्या दोन्ही बेसलाईनना, म्हणजे जोडरेघांना, टेकलाच पाहिजे, आणि कडेच्या लाल गोलावर ठेवायचा तर तो पुरता झाकला पाहिजे, अर्धा नाही. कोपऱ्याकडे जाणाऱ्या बाणाच्या रेघेला स्ट्रायकर लागता कामा नये. स्ट्रायकर टिचकीने मारायचा, ढकलायचा नाही. खुर्चीवरून उठायचं नाही, खुर्ची सरकवायची नाही. ही शेवटची गोष्ट आपल्या लोकांना सर्वांत जड जाते, निम्मा खेळ उभं राहून वाकूनच चालतो.

म्हणूनच स्टँडचा आग्रह धरतोय. स्पर्धेत बोर्ड ६३ ते ७० सेंटीमीटर उंचीच्या स्टँडवर असतो आणि वर ६० ते १०० वॉटचा बल्ब लटकतो, शेडसकट, सावली पडू नये म्हणून. जमिनीवर पोत्यावर बोर्ड मांडून खेळण्यात मजा आहे, हिवाळ्यात शेतात भरीत पार्टीला खाटेवर बोर्ड ठेवून खेळण्यात तर आणखी. पण जमिनीवर बसलं की डोळा सोंगटीच्या फार वर येतो, गुडघा मध्ये येतो आणि कोपर जिथे जागा मिळेल तिथे जातो. स्टँडवर मांडल्यावर गवंड्याची लेव्हल बाटली ठेवून चारही बाजू बघा. पाय कमी-जास्त असेल तर पुठ्ठ्याची घडी चालेल, पण एकदा बसवली की चिकटवून टाका, रोज नवी घडी नको.

बोटांबद्दल मला विचारलेलं नाही, तरी दोन वाक्यं. कोणी तर्जनीने मारतं, कोणी मधल्या बोटाने, कोणी कैची करून. यात श्रेष्ठ-कनिष्ठ काही नाही, फक्त सरळ शॉटला आणि कडेच्या कटला पकड बदलता आली पाहिजे. कैचीत जोर भरपूर येतो, म्हणून ब्रेकला ती लोकांना आवडते. हलक्या शॉटला तिची सवय लागली तर हात जड होतो, असं माझं मत आहे, आणि कैचीवाले ते कधीच मान्य करत नाहीत.

स्ट्रायकर निवडताना मात्र मत वगैरे काही नाही, वजन करा. कमाल १५ ग्रॅम. सोंगटी ५ ते साडेपाच ग्रॅम. बाजारात रंगीत, चकचकीत, २० ग्रॅमच्या पुढचे स्ट्रायकर मिळतात आणि पोरं त्यालाच हात घालतात, कारण ब्रेक दणदणीत फुटतो. सोनाराच्या काट्यावर ठेवलं की सत्य कळतं, आणि गावात सोनार असतोच. १५ ग्रॅमचा स्ट्रायकर साडेपाच ग्रॅमच्या सोंगटीला मधोमध धडकला की हिशेबाने त्याचा निम्म्याहून थोडा कमी वेग उरतो आणि तो पुढे जात राहतो. २५ ग्रॅमचा असेल तर जवळपास दोन तृतीयांश वेग उरतो. म्हणजे सोंगटी पॉकेटात गेली की तिच्या मागोमाग स्ट्रायकरही निघाला. मोठं पॉकेट आणि जड स्ट्रायकर ही जोडी एकत्र आली की डावात फाऊलच फाऊल.

आता पुतण्याचा बोर्ड. तो खोटा कॅरम नाही, वेगळ्या घराण्याचा आहे. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या लडिंग्टन गावात हेन्री हॅस्केल यांनी १८९० च्या दशकात तो बाजारात आणला. २८ इंची हलका बोर्ड, दोन्ही बाजूंनी वेगवेगळे खेळ छापलेले, कोपऱ्यांना जाळीची पॉकेटं. सोंगट्या म्हणजे मधे भोक असलेल्या हलक्या रिंगा, आणि मारायचंही तसल्याच रिंगेने, बोटाने किंवा छोट्या काठीने. इथे वर सांगितलेला वजनाचा हिशेब लावून बघा. मारणारी आणि मार खाणारी रिंग सारख्याच वजनाच्या असतील, तर मधोमध धडक बसल्यावर मारणारी जवळजवळ जागीच थांबते. म्हणून त्या बोर्डावर आपला हात चुकतो. आपण स्ट्रायकर पुढे जाईल या अंदाजाने मारतो आणि तो जातच नाही. त्यावर पावडर टाकू नका, आणि आपल्या सोंगट्यांनी तर त्यावर अजिबात खेळू नका, पातळ कडा तुटतील.

काठीवाले आणखी आहेत. लाटविया-एस्टोनियाकडे नोवुस नावाचा खेळ खेळतात, मीटरभर लांबी-रुंदीचा बोर्ड, उभं राहून छोट्या काठीने मारायचं, प्रत्येकाच्या आठ सोंगट्या. तो आपल्यापेक्षा बिलियर्डला जवळचा. जपानात हिकोने गावाच्या आसपास कारोमू म्हणून खेळ टिकून आहे, तिथे बोटानेच मारतात, पण एकेकाच्या बारा सोंगट्या. कॅनडातला क्रोकिनोल गोल बोर्डाचा, कोपऱ्यात पॉकेटच नाहीत. मधल्या भोकात सोंगटी टाकली की २० गुण, भोवती आठ खुंट्या उभ्या, आणि समोरच्याची सोंगटी बोर्डावर असेल तर तिला लागलंच पाहिजे असा नियम. १८७६ साली ओंटारियोत बनवलेला त्याचा बोर्ड अजून जपून ठेवला आहे. हे सगळे एकमेकांचे भाऊबंद वाटतात, पण एकाचा सराव दुसऱ्याला फारसा कामी येत नाही.

आपल्याकडच्या बोर्डाची माप-नियमावली जगभर एकच झाली, कारण १९८८ साली चेन्नईत आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. भारताची राष्ट्रीय संघटना त्याच्याही आधीची, १९५६ ची. चेन्नईच्या मारिया इरुदयम यांनी १९९१ आणि १९९५ ला जगज्जेतेपद मिळवलं, १९९६ चा अर्जुन पुरस्कारही. महाराष्ट्रातून पुण्याचे योगेश परदेशी, मुंबईचे प्रशांत मोरे जगज्जेते झाले. आपल्या जळगावात जैन इरिगेशनने कॅरमपटूंना नोकरी देऊन संघ उभा केला. ही मंडळी चेन्नईत बसली काय आणि जळगावात बसली काय, समोर तेच ७४ सेंटीमीटर आणि तेच ४.४५. तुमच्या गावच्या पोराला किंवा पोरीला (पोरींनाही बसवा, रश्मी कुमारींनी महिलांचं जगज्जेतेपद एकदाच नाही मिळवलं) जिल्ह्याच्या निवडीला जायचं झालं तर हाताला तेच माप माहीत हवं. घरच्या बोर्डावर कसाही खेळू दे, वाचनालयाचा बोर्ड मापाचा असू दे, एवढंच माझं म्हणणं.

बुलडॉग घ्यायचाच असा मंडळाचा हट्ट असेल तर १२ एमएमचा, तीन इंची फ्रेमचा, आतून ७४ सेंटीमीटर भरणारा बघा. असे मिळतात, आणि तरुणांचं समाधानही होतं. पॉकेट मोजायला कॅलिपर नसेल तर मापाचा स्ट्रायकर खिशात घेऊन जा. पॉकेटच्या मधोमध धरल्यावर कडेला दोन्हीकडे आगपेटीच्या काडीएवढी फट दिसली तर पॉकेट बरोबर. त्याहून बरीच मोठी दिसली तर दुसरा बोर्ड काढायला सांगा. दुकानदार कुरकुर करेल. तो बोर्ड विकला जाईलच हे त्याला माहीत असतं, तुम्हीच का घ्यायचा?

म्हाताऱ्यांचं आणि पोरांचं जमवायचं तर सोंगट्यांचे दोन संच वेगळे ठेवा. पॉइंटचा संच रोजचा, काळी-पांढरीचा संच चांगला, एकाच जाडीच्या सोंगट्यांचा, डब्यात बंद. दुपारी ४ पर्यंत पॉइंट, नंतर दिवा लावून काळी-पांढरी, असं वाटून घेतलं तर कोणाचंच अडत नाही. पुतण्याचा बोर्ड लहान मुलांच्या कोपऱ्यात ठेवा. फक्त त्याच्या काठ्या आपल्या बोर्डापर्यंत येऊ देऊ नका, काठीचं टोक फिनिशला चरा पाडतं आणि तो चरा भरता येत नाही, पूर्ण बोर्ड घासून पुन्हा पॉलिश करावा लागतो.